देऊळ कोणाकडे फिरले?

भाऊबिजेच्या संध्याकाळी ज्या बाईला ओवाळावयास भाऊ नसतो, किंवा असून येत नाही, ती चंद्राला ओवाळते. हा रिवाज सर्वांना ऐकून ठाऊक आहे. जवळून पाहिलेले लोक मात्र थोडे असतील. मी तो अकरा वर्षे पाहिला. कार्तिकातल्या द्वितीयेचा चंद्र म्हणजे नखाएवढी कोर. दिवस मावळला की ती पश्चिमेला दिसते आणि दोन-तीन घटकांत बुडून जाते. आमचे घर पूर्वाभिमुख होते. त्यामुळे आई तबक घेऊन पुढच्या अंगणात न येता मागच्या परसात जाई, गोठ्याच्या कडेला उभी राही, आणि बाभळीच्या शेंड्यांमधून कोर दिसली की घाईघाईने ओवाळून घेई. तिचा भाऊ तीन कोसांवरच्या गावात धडधाकट नांदत होता.

कारण सांगण्यासारखे नाही, पण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात पहिला फेटा मामांना बांधावयाचा, हे ठरलेले होते. ऐन वेळी तालुक्याहून एक पुढारी आले. मांडवात कुणीतरी म्हणाले, साहेबांना आधी बांधा, त्यांना पुढे जायचे आहे. वडिलांनी मान हलवली. मामांचा फेटा दुसरा झाला. मामा काही बोलले नाहीत. आमच्याकडे लग्न लागताना मामाने नवरीच्या पाठीशी उभे राहावयाचे असते. तेवढे ते उभे राहिले, अक्षता पडल्या, आणि पंगत बसायच्या आत बैल जुंपून निघून गेले. "या घराचा उंबरा ओलांडणार नाही," असे वेशीपाशी कुणालातरी म्हणाल्याचे मागाहून कळले. वडिलांनी ते ऐकले आणि तेही म्हणाले, "मीही बोलवायला जाणार नाही." दोघांचाही मान राहिला. शेजारच्या एका काकू आईला म्हणाल्या, "तुमच्या भावाचा लईच अपमान झाला बाई." आई भाकरी थापीत होती. ती म्हणाली, "त्याचा झाला म्हणतेत. माझं काय झालं, ते कोणी इचारलं का?"

हा लेख त्या भांडणावर नाही. पण मानापमानाविषयी आपल्या वाङ्मयात आणि जगाच्या वाङ्मयात जे लिहिले गेले आहे ते वाचताना आईचा तो प्रश्न माझ्या कानांतून कधी गेला नाही, आणि पुढे जे म्हणावयाचे आहे ते बहुतेक त्या प्रश्नातूनच निघाले आहे.

आधी शब्दांकडे पाहू. मराठीइतके या एका भावनेसाठी शब्द जमविलेली भाषा विरळा असेल. 'मान' आणि 'प्रतिष्ठा' संस्कृतातून आले, 'इज्जत' अरबीतून, 'अब्रू' फारसीतून. अब्रूचा मूळ अर्थ चेहऱ्यावरचे पाणी, म्हणजे तोंडाचे तेज. प्रतिष्ठा म्हणजे घट्ट उभे राहणे; मूर्तीचीही आपण प्राणप्रतिष्ठाच करतो. 'पत' हा बाजारातला शब्द. ती सावकाराच्या वहीत असते. 'लाज' ही घरातली, आणि ती बहुधा बायकांनी राखावयाची. 'मान' या शब्दाची तर गंमतच आहे. तो मान म्हणजे आदर, ती मान म्हणजे गळ्यामागचा अवयव, आणि तापमान किंवा कालमान यांतले मान म्हणजे माप. या तिन्हींची व्युत्पत्ती एक नसेल. पण व्यवहारात आपण ती एकत्र करून टाकली आहे. मान मिळाला की मान ताठ होते, आणि कुणाला किती मिळाला हे लोक मापून पाहतात.

माप म्हटले की मापणारा आला. या शब्दांतला एकही गुण माणसाजवळ एकट्याने असू शकत नाही. रानात एकटा राहणारा माणूस शूर असेल, सज्जन असेल. तो अब्रूदार असू शकत नाही. अब्रू दुसऱ्याच्या डोळ्यांत असते. आपल्या जुन्या गावगाड्यात ही गोष्ट उघडपणे मान्य केलेली होती. पोळ्याला कुणाचा बैल पुढे निघावा, होळीला पहिली पोळी कुणी वाहावी, देवीचा विडा आधी कुणी घ्यावा, हे सारे वतनात लिहून ठेवलेले असे. आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत, ते पंचांपुढे, गोतसभेपुढे आणि सरकारदरबारापर्यंत जात. आज आपण त्या तंट्यांना हसतो. पण त्या लोकांनी निदान हे लपविले नव्हते की मान म्हणजे रांगेतली एक जागा आहे, आणि ती एकाला मिळाली की दुसऱ्याला मिळत नाही.

देशोदेशी या जागेची किंमत निरनिराळ्या नाण्यांत मोजली गेली आहे. रशियाचा थोर कवी पुश्किन १८३७ साली द्वंद्वयुद्धात पिस्तुलाची गोळी लागून गेला. वय अवघे सदतीस. पत्नीविषयीच्या कुजबुजीने आणि एका निनावी पत्राने त्याच्या अब्रूला डाग लागला होता आणि तो रक्तानेच धुवावयाचा, अशी त्याच्या समाजाची रीत होती. विलक्षण हे, की आपल्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यात याच रीतीचा पोकळपणा त्याने आधीच दाखवून ठेवला होता. तिथे एक तरुण कवी अशाच निरर्थक द्वंद्वात मारला जातो. ज्याला पोकळपणा इतका दिसला होता, त्यालाही तिच्यातून सुटता आले नाही.

जपानात १७०१ साली असानो नावाच्या सरदाराने किरा या दरबारी अधिकाऱ्यावर एदोच्या किल्ल्यात तलवार उपसली. त्याच दिवशी त्याला पोट चिरून मरण्याची आज्ञा झाली. त्याच्या माणसांनी वाट पाहिली, आणि १७०३ मध्ये किराला मारून धन्याचा सूड घेतला. मग त्यांनाही तेच मरण आले. 'सत्तेचाळीस रोनिन' म्हणून ही कथा तिथे आपल्याकडच्या पोवाड्यांसारखी घराघरांत आहे. १७४८ साली तिच्यावर रचलेले बाहुल्यांचे नाटक पुढे काबुकीच्या रंगमंचावर गेले आणि जपानी रंगभूमीचे एक वैभव ठरले. तिथे मान स्वतःचा नसून धन्याचा आहे; चाकराने तो जिवापलीकडे जपावयाचा.

स्पेनच्या काल्देरोनने सतराव्या शतकात एक नाटक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ 'आपल्या अब्रूचा वैद्य' असा होतो. त्यातला नवरा नुसत्या संशयावरून बायकोची शीर तोडवितो आणि तिला रक्तस्रावाने मरू देतो. ती निर्दोष आहे, हे प्रेक्षकांना ठाऊक असते. शेवटी राजा येतो, सारे पाहतो, आणि त्या नवऱ्याचे दुसरे लग्न लावून देतो. हे नाटक वाचताना अंगावर काटा येतो. पण त्याहून अस्वस्थ करते ती एक गोष्ट. आपण ते परके म्हणून बाजूला ठेवू शकत नाही. 'घरच्या अब्रू'साठी मुलीचा जीव घेतल्याच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत अजून येतात.

या तीन कथांत देश वेगळे, धर्म वेगळे, शस्त्रेही वेगळी. तरी तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी आहे. द्वंद्वयुद्धाचे आव्हान बरोबरीच्या माणसालाच देता येई. साहेबाने नोकराला थप्पड मारली तर नोकराला पिस्तूल मागता येत नसे. रोनिनांच्या कथेत धन्याचा अपमान मोजला जातो. त्यासाठी मेलेल्यांच्या बायकामुलांचे पुढे काय झाले, याला तिथे मोल नाही. काल्देरोनच्या नाटकात नवऱ्याच्या मनातला नुसता संशय अपमान ठरतो. बायकोचा प्रत्यक्ष जीव गेला, तो कुणाच्याच हिशेबात येत नाही. मानाची कल्पना देशोदेशी बदलते असे म्हणतात, ते खरेच आहे. पण कोणत्याही समाजाच्या मानाची परीक्षा घ्यावयाची झाली तर मी एवढाच प्रश्न विचारीन: इथे कुणाचा अपमान मोजला जातो, आणि कुणाचा मोजलाच जात नाही?

याच प्रश्नाने आपल्या एका लाडक्या नाटकाकडे पाहावे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या. शंभर वर्षे उलटून गेली तरी त्यातली पदे मराठी घरांतून उतरलेली नाहीत. श्रीमंतीच्या तोऱ्यात भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला नाकारते. लक्ष्मीधर हा श्रीमंत भित्रा तिच्याभोवती फिरतो. मग भामिनी वनमाला होऊन साध्या वेषात वावरते आणि धैर्यधराचे शौर्य पाहून त्याच्यावर लुब्ध होते. पैशाच्या मानापेक्षा पराक्रमाचा मान मोठा, हे खाडिलकरांना सांगावयाचे होते आणि त्या पारतंत्र्याच्या काळात ते सांगणे मोलाचे होते. १९२१ च्या जुलैत बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळींनी टिळक स्वराज्य फंडासाठी याच नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. केशवराव धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. नाटकाने जे सांगितले त्याहून अधिक काही त्या एका रात्रीने सांगितले असावे. दोन मानी मालकांनी एकच रंगमंच वाटून घेतला, ही सोपी गोष्ट नव्हती.

पण नाटक म्हणून पाहिले तर 'मानापमाना'त शिडी तशीच राहते. फक्त पायऱ्यांची नावे बदलतात. आधी वर पैसा होता, आता शौर्य आले. धैर्यधराचा अपमान भरून निघतो, कारण तो शूर असल्याचे सिद्ध होते. ज्याच्यापाशी दाखवावयास पैसाही नाही आणि तलवारही नाही, त्याने काय करावे? त्याचा अपमान कुठल्या अंकात भरून निघावयाचा? हा प्रश्न खाडिलकरांच्या नाटकाच्या आवाक्यात येत नाही. त्यासाठी मला माझ्या जिल्ह्यातल्या एका जुन्या कथेकडे वळावे लागते.

आमचा हिंगोली जिल्हा वयाने लहान आहे. १९९९ साली तो परभणीतून वेगळा झाला. त्याआधी हे सारे परभणीत होते, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. पण याच भूमीत, कयाधू नदीच्या काठी, नर्सी हे गाव आहे. परंपरेने ते नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. आणि याच जिल्ह्यात औंढ्याला नागनाथाचे देऊळ आहे. यादवकाळच्या शिल्पांनी भरलेल्या त्या देवळात पिंडी मुख्य मजल्यावर नाही. ती खाली एका लहानशा तळघरात आहे. अरुंद पायऱ्यांनी, अंग चोरून, एकेकाने वाकून उतरावे लागते. तिथे मोठ्या माणसालाही ताठ मानेने देवापुढे जाता येत नाही. गावातले लोक आणखी एक गोष्ट आवर्जून दाखवितात. शंकराच्या देवळात नंदी समोर असावयाचा. औंढ्याला तो मागच्या बाजूला आहे. का? तर नंदी हलला नाही, देऊळ फिरले.

कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. जातीने शिंपी. पुजाऱ्यांना ते रुचले नाही. त्यांनी सांगितले, मागे जा. नामदेव मागे गेले आणि तिथे गाऊ लागले. आणि देऊळ गर्रकन फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. एवढीच कथा. चमत्कार म्हणून ती लहान मुलांना आवडते, आणि मोठे झाल्यावर आपण तिला हसून सोडून देतो. मला वाटते, चमत्कार बाजूला ठेवून ती साहित्यकृती म्हणून वाचली तर तिच्यात मानाविषयीचे जितके शहाणपण आहे, तितके वर सांगितलेल्या तीन कथांत मिळून नाही.

मात्र ती एकटी वाचू नये. तिच्या जोडीला नामदेवांच्याच चरित्रातली दुसरी कथा ठेवावी. तिचा पहिला भाग तेरचा आणि दुसरा पुन्हा औंढ्याचाच. गोरा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारले, हे कशाला? गोरोबा म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते कळायला. मग पाहा की आम्हा साऱ्यांत कच्चे कोण ते. गोरोबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारीत नेले. सारे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले. आणि निकाल झाला: हे मडके कच्चे. विठ्ठलाच्या लाडक्याला हा अपमान सोसला नाही. ते पंढरपुरी रडत गेले, तर देवानेही तेच सांगितले आणि विसोबा खेचरांकडे औंढ्याला धाडले. तिथे विसोबा पिंडीवर पाय टाकून निजलेले. नामदेवांना ते पाहवेना. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. आणि पाय जिथे ठेवावे तिथे पिंडी. गुरू नानकांविषयी मक्केची अशीच कथा शीख लोक सांगतात. चांगली कथा एका गावात राहात नाही.

कोणती कथा आधी घडली आणि कोणती नंतर, हे सांगणाऱ्यागणिक बदलते. मला त्या क्रमाचे महत्त्व वाटत नाही. महत्त्व आहे ते याचे, की एकाच माणसाला दोन अपमान सोसावे लागले, आणि ते एका जातीचे नव्हते. तेरला त्यांना जे बोलले गेले ते खरे होते. ते आपल्या माणसांनी, बरोबर बसवून, सर्वांना लावलेल्या एकाच मापाने मापून बोलले. त्या थापटण्याखाली ज्ञानदेवही बसले होते. औंढ्याला जे बोलले गेले ते खोटे होते. ते परक्यांनी, मापल्यावाचूनच, जन्माकडे पाहून बोलले. पहिल्या अपमानाने नामदेवांना गुरू मिळाला. दुसऱ्या अपमानाने काही मिळण्याजोगे नव्हते. तो फक्त अन्याय होता. शहाणपण कशात आहे? हे दोन अपमान वेगळे ओळखण्यात. आपण नेमके उलटे करतो. कुणी आपला कच्चेपणा दाखविला तर सात पिढ्यांचे वैर धरतो, आणि शेजारच्याला जन्मावरून मागे बसविले जाते तेव्हा ती रीतच आहे म्हणून जेवत राहतो.

महिपतींच्या 'भक्तविजया'ने १७६२ मध्ये अशा कथा मराठी घराघरांत पोचविल्या. आपल्याकडच्या सांगण्यात नामदेव औंढ्याला निमूटपणे मागे जातात; त्यांच्या मनाला काय झाले याचा उच्चार फारसा नाही. पण हाच प्रसंग शिखांच्या ग्रंथसाहेबात आला आहे. तिथे नामदेवांची ६१ पदे आहेत. ते नामदेव आणि आपले नामदेव एकच का, यावर पंडितांत मतभेद आहेत. मी तो वाद इथे काढीत नाही. त्या पदांपैकी निदान दोहोंत देऊळ फिरते. गावाचे नाव तिथे नाही. पण बोलणारा नामदेव स्वतः आहे, आणि तो निमूट नाही. एका पदात तो आनंदात देवळात आला आहे, पूजा चालू असताना त्याला धरून बाहेर काढतात; तो आपली घोंगडी उचलतो, देवळामागे जाऊन बसतो, आणि देवाला विचारतो की मला या जातीत जन्माला का घातलेस. दुसऱ्या पदात त्याला मारही बसला आहे. तिथे तो देवाला दोन गोष्टी सुनावतो. पहिली, मेल्यानंतर मुक्ती दिलीस तर ती कुणाला कळणार? काय करावयाचे ते आत्ता कर. दुसरी, हे मला हीन म्हणतात, त्यात तुझी पैज मागे पडते.

या 'पैज' शब्दापाशी मी फार वेळ थांबलो आहे. मराठीत पैज म्हणजे शर्यत, पण. जुन्या बोलीत प्रतिज्ञा. त्या पदात तिचा अर्थ मान, लौकिक असा आहे. नामदेव असे म्हणत नाही की माझा मान गेला, तो परत दे. तो म्हणतो, माझा अपमान झाला त्यात मान गेला तो तुझा. जगातल्या मानाच्या सगळ्या कथांना इथे एकदम उलटे वळण मिळते. पुश्किन स्वतःच्या अब्रूसाठी लढला. रोनिन धन्याच्या मानासाठी मेले. पण तो धनी वरचा, आणि मान खालून वर वाहात जाणारा. इथे खालच्या माणसाला लागलेला डाग वरच्याच्या तोंडाला लागतो. सर्वांत मागे बसविलेल्या माणसाचा अपमान मोजण्याची जबाबदारी सर्वांत पुढे बसलेल्यावर आली. ज्याचा अपमान कुणी मोजीत नव्हते, त्याचा या कथेने मोजला. आणि पिस्तूल, तलवार किंवा दुसऱ्या कुणाचा देह न मागता मोजला.

कथेची थोरवी सांगितली. आता तिची उणीवही सांगितली पाहिजे. त्या दुसऱ्या पदाच्या शेवटी देऊळ नामदेवाकडे वळते आणि पंडितांच्या वाट्याला पाठ येते. म्हणजे पुढचे मागे गेले आणि मागचे पुढे आले. पण 'मागची बाजू' नाहीशी झाली नाही. देवळाला तोंड आहे तोवर पाठही राहणार, आणि कुणीतरी तिच्याकडे उभा असणार. कर्नाटकात उडुपीला कनकदासांची अशीच कथा आहे. पण तिथे देऊळ न फिरता आतली कृष्णमूर्ती फिरली आणि भिंतीला झरोका पडला. त्या झरोक्याचे मोठे कौतुक होते. तरी कनकदास बाहेरच राहिले, हेही ती कथा सांगून जाते. आणि पंढरपुरात चोखोबांसाठी देऊळही फिरले नाही आणि भिंतही फुटली नाही. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. पुढे नामदेवांनी स्वतःसाठीही त्याच दाराची पायरी निवडली. ज्याच्याकडे देऊळ फिरले त्याने गाभाऱ्यातली जागा मागितली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय लागतील अशी जागा मागितली. मला वाटते, औंढ्याच्या कथेचा खरा शेवट पंढरपूरच्या या पायरीवर आहे. तरीही त्या दारातून चोखोबांच्या माणसांना आत जाता यावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. चोखोबा गेल्याला तोवर सहाशे वर्षे झाली होती. कथेत देऊळ एका क्षणात फिरते. इतिहासात ते माणसांनी खांदा लावून फिरवावे लागते, आणि फार सावकाश फिरते.

अशा कथांत आणखी एक माणूस बहुधा कुणाला दिसत नाही. नामदेवांच्या घरी जनाबाई होती. आमच्या शेजारच्या गंगाखेडची, दळणकांडण करणारी. घरच्या लाजेचे ओझे ज्यांच्या डोक्यावर असते त्यांतली ती एक. जनाबाईने तो पदरच सैल केला आणि चारचौघांत उभी राहून गायिली. तिला कुणी मागे पाठविल्याची कथा नाही, कारण ती पुढे उभी आहे असे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. अपमान व्हावयालाही आधी कुणीतरी मोजावे लागते.

२०१५ साली पंजाबात घुमान येथे मराठी साहित्य संमेलन भरले. सदानंद मोरे अध्यक्ष होते. नामदेवांनी आयुष्याची शेवटची वर्षे तिथे काढली, अशी पंजाबातली श्रद्धा आहे. नर्सीचा शिंपी तिथे बाबा नामदेव झाला आहे. जिथून त्याला उठविले तिथपासून इतक्या दूर, इतक्या वेगळ्या भाषेत आणि वेशात त्याला मान मिळाला, हे वाचून आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला आनंद झाल्यावाचून राहात नाही. पण त्याच वेळी वाटते, आमच्या मांडवांत अजून पहिला फेटा कुणाचा यावर माणसे उठून जातात.

आता त्या परसाकडे परत जातो. बाराव्या वर्षीही भाऊबिजेला आई तबक घेऊन मागे गेली. मी दिवा वाऱ्याने जाऊ नये म्हणून बाजूला उभा होतो. कोर अजून दिसली नव्हती. एवढ्यात शेताच्या वाटेने, कडब्याच्या गंजीमागून, मामा आले. दोघांचे केस पांढरे झाले होते. मामा गोठ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "अक्का, उंबरा ओलांडणार नाही म्हणलो होतो. इथं उंबरा नाही."

आई काहीच बोलली नाही. तिने गोठ्यातला पाट आणून शेणाने सारवलेल्या जागेवर मांडला. मामा बसले; त्यांचे तोंड पूर्वेकडे, आमच्या घराच्या पाठीकडे. तिने कुंकू लावले, ओवाळले, आणि मग मात्र तिला रडू आवरले नाही. मामांनी ओवाळणी टाकली. वडील माजघरात होते. त्यांना आवाज ऐकू येत असणार. ते बाहेर आले नाहीत. पण थोड्या वेळाने परसाचे दार किलकिले झाले आणि आतून कुणीतरी पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला. त्या दारातून तांब्या ठेवणारे घरात तेव्हा एकच माणूस होते.

याला मी समेट म्हणणार नाही. पुढच्या वर्षी मामा समोरून आले का, आणि कुणी आधी राम राम केला, हे सांगण्यात आता अर्थ नाही, दोघेही गेले. अकरा भाऊबिजा आईच्या गेल्या त्या गेल्याच, आणि त्या कुणी मोजल्या नाहीत. मीही हा लेख लिहावयास बसलो तेव्हा पहिल्यांदा मोजल्या. त्या संध्याकाळी मात्र चंद्राला ओवाळावयाचे राहून गेले. ध्यानात आले तेव्हा बाभळीमागची कोर बुडाली होती.